डाव्या हाताची निब

९ नोव्हेंबर

मामा,

लिहीन लिहीन म्हणता तीन आठवडे गेले. पहिल्या आठवड्यात वेळ नव्हता, दुसऱ्यात वेळ होता पण धीर नव्हता, आणि तिसऱ्यात मी माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या सगळ्या खुर्च्यांचे वेत विणून टाकले, ज्यांची कुणाला घाई नव्हती त्यांचेसुद्धा, म्हणजे टेबलाशी बसायला नको. तू मला भिंगरी म्हणतोस ते लहानपणी कौतुक होतं, आता निदान झालंय. तर आधी कबूल करते आणि मग बाकीचं सांगते. तुझं पेन अजून माझ्याकडेच आहे.

'पेनांच्या प्रदर्शनात घेऊन जा, कुणालाही देऊन टाक, बदल्यात शाईची रिकामी बाटली मिळाली तरी चालेल, पण परत आणू नकोस,' असं तू चिठ्ठीत लिहिलं होतंस. इतकं सरळ सांगितलेलं काम माझ्या हातून झालं नाही. का, ते सांगायला मला त्या हॉलपासूनच सुरुवात करावी लागेल.

हॉल म्हणजे व्यायामशाळा. जमिनीवर खेळाच्या लाल-पांढऱ्या रेषा, कोपऱ्यात गुंडाळलेल्या चटया, आणि मधे चार रांगा टेबलं. तुझ्या गुडघ्यांनी यंदा नाही म्हटलं म्हणून तुझा पास मी गळ्यात घातला होता. त्यावर छापलेलं 'संग्राहक'. दारातच एका गृहस्थांनी तो शब्द वाचून आदराने विचारलं, "आपण काय जमवता?"

"मी जमवत काही नाही, हरवते."

त्यांना हे फार पटलं. "सुरुवात तिथूनच होते," म्हणाले.

आत गेले आणि पायच थांबले. दोनेकशे माणसं एकाच वेळी कागदावर पेनं चालवून बघत होती आणि कुणीच फारसं बोलत नव्हतं. पाचोळ्यात चिमण्यांचा थवा उतरला की होतो ना, तसा आवाज. मी तिथेच उभी राहिले, शेवटी मागच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही दार आहात का?"

मामा, तू दरवर्षी इथे जायचास आणि आल्यावर फक्त 'गर्दी होती' एवढंच सांगायचास. हे असं असतं ते कधी सांगितलं नाहीस. एका माणसाकडे साठ काळी पेनं होती, अगदी एकसारखी. मी म्हटलं, "ही सगळी एकच आहेत." तो म्हणाला, "लांबून माणसंही एकच दिसतात," आणि मग त्याने साठांतला फरक सांगायला घेतला. अकराव्यापर्यंत मला खरंच दिसायला लागला. एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून, कान कागदाजवळ नेऊन लिहून बघत होते, डॉक्टर छाती तपासतात तसे. एका काचेच्या पेनात शाई वर चढताना दिसत होती, ती चढून होईपर्यंत मी श्वास सोडला नाही.

प्रत्येक टेबलावर लिहून बघायला एक वही. मी पेन उचललं आणि माझं नाव लिहिलं. टेबलामागच्या माणसाने हळूच पान उलटलं. "नाव नाही लिहायचं. नाव हाताला पाठ असतं, कुठल्याही पेनाने बरंच येतं. हाताला ठाऊक नसलेलं काहीतरी लिहा." मी विचार करत बसले. शेवटी 'पाणघोडा' लिहिलं. तो म्हणाला, "आता कळलं ना, पेन कसं आहे ते?" आणि कळलं होतं.

भरकटले. मुद्द्यावर येते. हॉलच्या टोकाला निबा सुधारणाऱ्या एक बाई बसतात, त्यांच्यापुढे रांग होती. मला वाटलं, फुकट द्यायचं तरी खरखरणारं पेन कुणाच्या गळ्यात मारायचं, आधी नीट करून घेऊ. दीड तास उभी राहिले. बस पाच मिनिटं उशिरा आली तर चालत निघणारी मी.

"काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"खरखरतं."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे, सगळ्यांनाच."

"सगळ्यांना एकच गोष्ट होत नसते." त्यांनी लिहून पाहिलं. खरखरलं. मी म्हटलं, "घासून गुळगुळीत करून टाका." त्यांनी बारीक घासकागदाची पट्टी कापून हातात घेतलीसुद्धा होती. मग डोळ्याला भिंग लावलं, आणि ते काढेचनात. पट्टी खाली ठेवली. पेन डाव्या हातात घेतलं, जरा आत वळवलं आणि एक ओळ ओढली. आवाज नाही. शाई नुसती उतरत गेली.

"हे बिघडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "ज्याचं आहे त्याच्यासाठी चालू आहे. डावखुरा माणूस, पेन आत वळवून धरणारा, आणि रोज लिहिणारा. वीस वर्षं तरी, जास्तच. बघ."

त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. निबेच्या टोकावर कसल्याशा कठीण धातूचा दाणा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. तो गोल नव्हता. एका अंगाला तिरका झिजून लखलखत होता, देवळाच्या पायरीचा दगड असतो ना मधे, तसा. मामा, कागदाने धातू झिजवला होता. कागदाने. कुणाचा तरी अख्खा हात त्या मोहरीएवढ्या जागेत होता.

"घासू?" बाई म्हणाल्या. "घासलं की हा माणूस गेला."

मी पेन जवळजवळ हिसकावूनच घेतलं. त्या आणखीही काहीतरी सांगत होत्या, दुसऱ्या अंगाला झिजेचा एक लहान नवा पैलू आहे म्हणून, पण तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एकाची बाटली आडवी झाली आणि जांभळी शाई खेळाच्या पांढऱ्या रेषेवरून अशी काही धावली की मी बघतच राहिले. वळले तर बाईंसमोर पुढचा माणूस बसलेला.

निघताना जिन्याच्या पायऱ्या तुझ्यासारख्या मोठ्याने मोजल्या. चौतीस. तू नव्हतास तर कुणीतरी मोजायला हव्यात.

आता सांग. तू तर डावखुरा नाहीस. मग हे कुणाचं? आणि इतकं वापरलेलं पेन देऊन का टाकायचं?

तुझी,
भिंगरी


१७ नोव्हेंबर

भिंगरे,

पत्र मिळालं. तीन आठवडे उशिरा आणि सांगितलेलं काम न करता. परंपरा राखलीस.

पेन माझ्या थोरल्या भावाचं. तू त्याला पाहिलंस तेव्हा रांगत होतीस. वडिलांचं पेनांचं दुकान आम्ही दोघं चालवायचो. त्याने मधेच हवामान केंद्रावर नोकरी धरली. "दुसऱ्यांची पेनं नीट करण्यात जन्म काढायचा नाही," म्हणाला. मी त्या वेळी काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. पण जायच्या दिवशी हे पेन दिलं. पेनाची कांडी मीच लेथवर उतरवली होती, निब घासून त्याच्या डाव्या हाताच्या वळणाला लावून दिली होती. त्याने न बघता खिशात घातलं.

त्यानंतर सव्वीस वर्षं मला त्याची एक ओळ नाही. तुझ्या आईला पत्रं यायची. "वाचून दाखवू का?" असं ती दर वेळी विचारायची, मी दर वेळी नको म्हणायचो. ती गेली आणि तेही थांबलं. दीड वर्षापूर्वी टपालाने एक डबी आली. आत हे पेन. चिठ्ठी नाही, चिटोरं नाही. दिलेली वस्तू माणूस परत करतो तेव्हा काय म्हणायचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको. एकदा लिहून पाहिलं, खरखरलं, टोपण लावून ड्रॉवरमध्ये टाकलं.

तुझ्या बाई म्हणतात वीस वर्षं रोज. बाईंची नजर चुकली असेल. प्रदर्शनात माणसं बरंच काही बोलतात.

तो दुसरा पैलू कुठल्या अंगाला आहे, केवढा आहे, कसा चमकतो, हे ऐकायचं सोडून तू सांडलेली शाई बघत बसलीस. शाबास. परत जा आणि विचार.

मामा

ता. क. व्यायामशाळेच्या पायऱ्या छत्तीस आहेत. दारातल्या दोन तू सोडल्यास.


२८ नोव्हेंबर

मामा,

या वेळी उशीर माझा नाही, बाईंचा आहे. प्रदर्शन संपलं की त्या घरी काम करतात आणि घर सापडेपर्यंत मी तीन चुकीच्या दारांवर चहा प्यायले. एका दारात तर एका आजोबांचं घड्याळही लावून दिलं. असो.

बाईंनी निब पुन्हा पाहिली. शब्द न् शब्द लिहून आणलाय, मधे कुणी काही सांडलं असतं तरी मान वळवली नसती. "मोठा पैलू डाव्या हाताचा, जुना, आरशासारखा. लहान पैलू उजव्या हाताचा, अगदी ताजा, ओरखड्यांचा. फार दाबून लिहिलंय. हात कच्चा आहे, नुकतं लिहायला शिकणाऱ्याचा. महिनाभर असेल, मग थांबलाय." निबेच्या मधल्या चिरेच्या दोन पाकळ्यांतली एक त्या दाबाने किंचित वाकली आहे म्हणे.

म्हणजे कुणा लहान पोराच्या हाती पेन गेलं असणार. थोरल्या मामांनी शेजारच्या पोराला दिलं असेल, पोराने वाट लावली, आणि मग त्यांनी लाजेने परत पाठवलं. चिठ्ठी का नाही, तेही त्यातच आलं. मला तर कोडं सुटलं.

भिंगरी


४ डिसेंबर

भिंगरे,

कोडं सुटलेलं नाही.

हा माणूस सख्ख्या बहिणीला आपलं पेन हातात घेऊ द्यायचा नाही. निबेला दुसऱ्याचा हात लागला की ती बिघडते, हे वडिलांनी आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. तो पोराला पेन देणार नाही. उजवा हात त्याचाच आहे.

अडुसष्ट वर्षांचा डावखुरा माणूस उजव्या हाताने, नवशिक्यासारखा, दाबून का लिहायला लागतो, याचा दोन मिनिटं एका जागी बसून विचार कर.

डबीवरचा कागद मी फेकला नव्हता. सोबत आहे. उगाच. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता आहे, पोस्टातल्या कुणाच्या तरी अक्षरात.

जा असं मी म्हणत नाही.

मामा


१९ डिसेंबर

मामा,

मी गेले. म्हणजे इथूनच लिहिते आहे, थोरल्या मामांच्या टेबलावरून.

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली शिंप्याचं दुकान. त्यांनीच दार उघडलं. डावा हात अंगाशी धरलेला, डावा पाय जरा मागून येणारा, उंची तुझीच, कपाळही तुझंच. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, आईसारखी दिसते म्हणाले. शब्द सावकाश येतात, एकेक उचलून ठेवल्यासारखे. मग मी पिशवीतून पेन काढलं. त्यांचा चेहरा असा उजळला, मामा, आणि ते म्हणाले,

"झालं का?"

"काय झालं का?"

"दुरुस्त."

मग त्यांच्या एकेका शब्दातून कळलं ते असं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. डावी बाजू गेली. उजव्या हाताने लिहायला घेतलं तर पेन ऐकेना, कसं ऐकेल, तूच डाव्या हाताला लावून दिलेलं. मग पोस्टात जाऊन ते तुझ्याकडे पाठवलं, उजव्या हाताला लावून दे म्हणून. आणि दीड वर्ष वाट बघतायत. रागावलेसुद्धा नाहीत. "त्याचं काम... सावकाशच असतं," म्हणाले. "चांगलं असतं."

मी विचारलं, चिठ्ठी का नाही घातली? लिहिता येत नव्हतं हे तर झालंच. पोस्टातला माणूस लिहून द्यायला तयार होता. पण यांनी पत्ता तेवढा लिहू दिला. "त्याला मी... दुसऱ्याच्या अक्षरात?" म्हणाले. आणि मग, "निब बघितली की... कळेल त्याला. भिंग लावल्याशिवाय... तो राहतो का?"

तू भिंग लावलं नव्हतंस हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

त्यांनी मला कपाट उघडायला लावलं. हवामान केंद्राची कागदपत्रं सरकारजमा झाली, पण ते रोज घरी येऊन स्वतःच्या वहीतही नोंद करायचे, निवृत्त झाल्यावरही. सव्वीस वर्षांच्या वह्या आहेत. रोजचं ऊन, वारा, ढग, पाऊस, आणि एका कोपऱ्यात दोन शब्द, 'मोर ओरडले', 'धुकं उतरलं नाही', असं काही. सगळं या एका पेनाने. मी सकाळी पहिली वही उघडली आणि संध्याकाळ झाली तेव्हा नवव्या वर्षात होते. मी कुठलीच गोष्ट शेवटपर्यंत वाचत नाही, तुला माहीत आहे. सव्वीस वर्षांचं आभाळ एका निबेतून उतरलंय, मामा, आणि ती निब तू लावून दिली होतीस.

शेवटच्या वहीत एका मंगळवारपर्यंत बारीक, डावीकडे कललेलं अक्षर आहे. मग दोन महिने कोरे. मग मोठे, वाकडे आकडे, कागद फाटलेला. मग काही नाही.

आणखी एक. आईला ते जी पत्रं लिहायचे, त्यांत खालच्या चार ओळी तुझ्यासाठी असायच्या. दर वेळी. म्हणाले, "ती... वाचून दाखवायची ना?"

याला मात्र मी हो म्हणाले. काय करायचं ते कर.

भिंगरी


२६ डिसेंबर

भिंगरे,

चाळीस वर्षांत हातात आलेल्या प्रत्येक निबेला भिंग लावलं. गिऱ्हाइकांच्या, भंगारातल्या, परक्यांच्या. एकीला लावलं नाही. मानपान आडवा आला. दीड वर्ष तो माणूस पोस्टमनची वाट बघत बसला आणि मी ड्रॉवरला किल्ली लावून फुरंगटून बसलो. आता जास्त लिहीत नाही.

तुझ्या बाई चांगल्या आहेत, त्यांना नमस्कार सांग. पण पेन त्यांना देऊ नकोस. कुणालाच देऊ नकोस. टपालाने इकडेही पाठवू नकोस. त्याच्याजवळ राहू दे.

हात बघितल्याशिवाय निब लावता येत नाही. म्हणून पुढच्या गोष्टींची उत्तरं लगेच टाक, लगेच म्हणजे तुझ्या लगेच नव्हे. तो पेन्सिल कशी धरतो? बोटं टोकापासून किती लांब? मनगट टेकतं का? टेबल खिडकीजवळ आहे का, उजेड कुठून येतो? सकाळी हात जास्त चालतो की दुपारी? घराला पायऱ्या किती? कठडा कुठल्या हाताला?

आणि तू हो म्हणालीस ते बरं केलंस. तुझ्या आईला आलेली त्याची पत्रं तुझ्या ट्रंकेत असतील. शोधून ठेव.

मामा


६ जानेवारी

मामा,

पुन्हा माझीच चूक. तुझं पत्र येऊन आठवडा झाला, उत्तर रोज उद्यावर गेलं. पण या वेळी कारण ऐक. एक दिवस खालच्या शिंप्याची कात्री बघण्यात गेला, हे मान्य. बाकीचे थोरल्या मामांबरोबर पेन्सिल गिरवण्यात.

तर उत्तरं. पेन्सिल अंगठ्याने दाबून धरतात, तीन बोटं मुठीत. टोकापासून दोन बोटं लांब. मनगट टेकत नाही, उचललेलं असतं, म्हणून दाब जास्त. टेबल खिडकीला लागून, उजेड डावीकडून. हात सकाळी चालतो, दुपारी रुसतो. तुझे प्रश्न वाचून दाखवले तर हसले, खूप दिवसांनी कुणी त्यांना नीट तपासलंय म्हणाले. पायऱ्या अकरा. कठडा उजव्या हाताला, पण सहावीपर्यंतच. पुढचा मोडलाय. हे तुला कशाला हवं होतं कळलं नाही, पण तू कुठल्याही जिन्याला नावनिशी विचारल्याशिवाय सोडत नाहीस म्हणून लिहिलं. तुझा स्वतःचा अठरा पायऱ्यांचा जिना तू वर्षभरात उतरलेला नाहीस.

काल त्यांनी पेन्सिलीने पहिला पुरता शब्द लिहिला. मोठा, थरथरता, पण वाचता येतो असा. तुझं घरातलं नाव, दुकानात ते तुला हाक मारायचे ते. मी प्रदर्शनातला नियम सांगितला. म्हटलं, "मामा, नाव लिहायचं नसतं. नाव हाताला पाठ असतं."

त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. "याला... कुठे पाठ आहे?" म्हणाले. "हा... आत्ता शिकतोय."

तो कागद सोबत घालणार आहे. पेन त्यांच्यासमोर ठेवलंय, टोपण लावलेलं. दिवसातून दोनदा बघतात, हात लावत नाहीत. दुरुस्त झाल्यावर, म्हणतात. आता तू हे निब लावायचं काम तिथे बसून, नुसत्या माझ्या वर्णनावरून कसं करणार ते तुझं तू

थांब, खाली कुणीतरी आलंय. शिंपी कुणाला तरी "हळू, आजोबा" म्हणतोय. थोरल्या मामांनी पेन्सिल खाली ठेवली आहे आणि ते दाराकडे बघतायत.

कुणीतरी जिना चढतंय. प्रत्येक पायरीवर थांबतंय आणि मोठ्याने मोजतंय.

मामा, हे पत्र मी टपालात टाकत नाही. चार झाल्या. थोरले मामा ओठांतल्या ओठांत बरोबर मोजतायत. पाच. मी उठते, तुझ्या हातातली हत्यारांची पेटी घ्यायला हवी, सहावीनंतर कठडा नाही.